बसलेली सीट

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं यंत्र दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या ताईंनी नेहमीप्रमाणे स्टूल पुढे सरकवलं. म्हटलं, "राहू दे, उभाच बरा आहे." काम दीड तासाचं होतं. पुढच्या आठवड्यात दादरला तेच झालं, मग अंधेरीला. अंधेरीच्या लॅबमधला पोरगा जरा आगाऊ आहे. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, मूळव्याध का?" लॅबमध्ये असले प्रश्न मोठ्याने विचारतात. दिवसभर त्या बाटल्या हाताळून लोकांची भीड मेलेली असते.

मूळव्याध नव्हती. गाडीची सीट होती.

गाडी म्हणजे 2007 ची स्प्लेंडर. कंपन्यांनी वेगळी बिऱ्हाडं करून कितीतरी वर्षं झाली, पण माझ्या टाकीवर हीरो आणि होंडा अजून एकत्र नांदतायत. इंजिनाबद्दल एक वाकडा शब्द काढणार नाही. भांडुपहून निघायचं, दिवसात चार-पाच लॅब करायच्या, सरासरी पन्नास किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. चेन जरा सैल झाली की मला आवाजावरून कळतं आणि त्याच संध्याकाळी मी मेकॅनिक गाठतो. स्वतःचं बूड मात्र दोन वर्षं ओरडत होतं, ते काही ऐकू आलं नाही.

मेकॅनिकने सीटवर नुसता तळहात दाबला. "बसलीय," म्हणाला, आणि हातातल्या कार्बोरेटरकडे वळला.

या एका क्रियापदाने आपल्याकडे किती संसार सांभाळलाय. घसा बसतो, हिशेबाचा मेळ बसतो, धंद्याचं बस्तान बसतं, कुणाच्या बोलण्यावर विश्वास बसतो, आगाऊपणा केला तर कानाखाली बसते. धक्क्याचं तर दोन्हीकडे चालतं. धक्का लोकलमध्ये लागतो, गाडीवर बसतो. माझ्या बाबतीत तो जिथे बसायचा तिथेच नेमका बसत होता.

धक्क्यांना आपल्याकडे तोटा नाही. एलबीएस रोडवर वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम, गांधीनगर जंक्शनला वळून लिंक रोडला लागलं की तिथे मेट्रो सहाचे खांब. पत्र्यांच्या कुंपणामधून उरलेल्या वाटेत पेव्हर ब्लॉक, ब्लॉक संपला की लोखंडी प्लेट, प्लेट संपली की डांबराचा उंचवटा. मुंबईत गुळगुळीत रस्ते नाहीत असं कुणी म्हणू नये. आहेत की. वांद्रे-वरळी सी लिंक आहे, कोस्टल रोड आहे, अटल सेतू आहे. तिन्हीकडे दुचाकीला बंदी आहे. ज्यांच्या गाडीत चार चाकांवर स्प्रिंग आणि वर सोफ्यासारखी सीट, त्यांना गुळगुळीत. ज्यांच्या बुडाखाली चार बोटं फोम, त्यांना पेव्हर ब्लॉक. सुरक्षेचं कारण मला समजतं, पटतंही. तरी पवईच्या चढावर कळ आली की मी हा हिशेब मनात मांडतोच.

एलबीएस रोडवरच्या सीटवाल्याने 900 रुपये सांगितले. फोम, कव्हर, मजुरी, सगळं त्यात. नवी सीट 1400 ला पडत होती. दोन्ही आकडे मी घरी येऊन जाहीर केले आणि तिथेच चूक झाली, कारण बाबा गॅलरीत पेपर वाचत होते.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. कंडक्टरला बसायला सीट असते, पण भरलेल्या बसमध्ये ती नुसती असते. तेहतीस वर्षं त्यांनी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने तिकिटाचा पंच धरून उभ्याने काढली. "बसायला नऊशे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बसून काम मिळालंय, वर ती बसायची जागाही मऊ पाहिजे?"

यावर उत्तर नसतं. आमच्या घराण्यात अंगाच्या सुखावर खर्च करायचा म्हटलं की आधी आजार सिद्ध करावा लागतो. डॉक्टरने लिहून दिलं तर कमरेचा पट्टा येतो, पण चांगली खुर्ची येत नाही. आणि मुंबईकर बसायला शिकतो कुठे, तर लोकलच्या चौथ्या सीटवर. तिघांच्या बाकड्यावर चौथा, अर्धी मांडी अधांतरी, तोल पायावर, तरी चेहऱ्यावर 'बसायला मिळालं' हा आनंद. मीही कॉलेजची पाच वर्षं तसाच बसलो. अशा माणसाला नऊशे रुपयांची सीट कशी परवडेल? पैसे होते. परवडत नव्हतं.

म्हणून ठरवलं, घरीच करायचं. रक्तातल्या पेशी मोजणारी यंत्रं उघडून पुन्हा लावतो, सीट म्हणजे काय मोठंसं.

रविवारी सकाळी पाना लावून सीट काढली आणि गॅलरीत उलटी ठेवली. सीटचा खालचा भाग कुणी सहसा बघत नाही. काळं प्लास्टिकचं बूड, त्याच्या कडेने रेक्झिन आत दुमडून ठोकलेल्या पिना, आणि पिनांवर सोळा पावसाळ्यांचा गंज. स्क्रू ड्रायव्हरने एकेक पिन उचकटायची आणि पकडीने ओढायची. अर्ध्या पिना तुटून आतच राहिल्या. कव्हर सुटलं आणि जो वास आला, त्याने बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. जुन्या ओल्या गोणपाटाचा असतो तसा. फोम मुळात पिवळसर पांढरा असणार, आता तो चहाच्या गाळणीच्या रंगाचा झाला होता. बोटाने खरवडला की भुगा पडायचा.

आणि मधोमध माझा खड्डा. इतकी वर्षं मी रोज घालत होतो तो. शिल्पकाराने केला असता तर दाद दिली असती, इतका नेमका. फक्त एक गोष्ट खटकली: उजवीकडची खोली डावीपेक्षा जास्त होती. फूटपट्टी आडवी ठेवून मोजलं, चांगला दीड सेंटिमीटर फरक. साइड स्टँडवर गाडी कलते ती डावीकडे, त्यामुळे तेही कारण नाही. फॅक्टरीतच तसा आला असेल म्हणून सोडून दिलं. यंत्राच्या बाबतीत असं 'सोडून देणं' मी माझ्या हाताखालच्या मुलाला कधी करू दिलं नसतं.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी चाळीत पिंजारी यायचा. खांद्यावर ती भलीमोठी धनुकली, तात ओढली की टंग-टंग असा आवाज गॅलरीभर घुमायचा आणि गोळे झालेला कापूस ढगासारखा फुलून यायचा. तोच कापूस, तीच खोळ, आणि संध्याकाळी गादी वीतभर उंच. आजी म्हणायची, कापसाला मार दिला की तो पुन्हा तरुण होतो. फोमचं तसं नाही. तो एकदा चेपला की चेपला.

का, ते नंतर वाचून कळलं. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 साली जर्मनीत हे रसायन जुळवलं. दोन द्रव एकत्र आले की त्यांचा घट्ट पदार्थ होतो, आणि त्यात थोडं पाणी असलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूचे बुडबुडे मिश्रणाला फुगवतात आणि फुगलेलं तसंच आळतं. ढोकळ्यासारखंच, फक्त खाता येत नाही. बसल्यावर या लाखो बारीक घरांमधली हवा बाहेर जाते, उठल्यावर परत येते. पण ऊन, घाम, दमट हवा आणि सत्तर किलोचा माणूस असं वर्षानुवर्षं चाललं की घरांच्या भिंती मोडतात. मग हवा परत येते, पण तिला राहायला घर नसतं. धनुकलीने पिंजायला तिथे धागाच नाही.

खड्डा भरायला फोम हवा होता. स्टेशनजवळच्या गादीवाल्याने विचारलं, "बत्तीस दूँ या चालीस?" हे आकडे घनतेचे. चाळीस म्हणजे एका घनमीटरला चाळीस किलो. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी तज्ज्ञाच्या थाटात 'चालीस' म्हणालो. माहीत नव्हतं ते हे, की घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनता सांगते फोम किती वर्षं टिकेल, तो किती दबेल हे वेगळंच माप आहे. चाळीसचा फोम लोण्यासारखाही मिळतो आणि पाटासारखाही. मी दुकानात हाताने दाबून बघितला, सगळ्यात मऊ तो घेतला. दोन इंच जाड, 180 रुपये.

जुन्या फोमवर तो ठेवला, कडा कात्रीने कापल्या, वर जुनंच कव्हर ओढून दोरीने बांधलं आणि गॅलरीत सीटवर बसून बघितलं. स्वर्ग. मुलीला बसवलं, बायकोला बसवलं. बाबांनी लांबूनच मान हलवली.

सोमवारी स्वर्ग पवईपर्यंत टिकला. तलाव दिसायच्या आतच मी फोमच्या तळाला टेकलो होतो आणि खालचा जुना खड्डा तिथेच वाट बघत होता. वर आणखी दोन त्रास. सीट उंच झाल्याने सिग्नलला माझ्या टाचा उचलल्या जाऊ लागल्या. पाच फूट चार इंचाच्या माणसाला दोन इंच म्हणजे फार होतात. आणि वळणावर गाडी एकीकडे जायची, मी जेलीसारखा दुसरीकडे. परतीच्या वाटेवर जुन्या सीटची आठवण येत होती. निदान ती कुठे आहे हे कळत तरी होतं.

त्या संध्याकाळी बॅगेचा पट्टा शिवायला स्टेशनबाहेरच्या चर्मकार काकांकडे थांबलो. गाडीवरचं ते दोरीने बांधलेलं प्रकरण बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आरी बाजूला ठेवली, सीटमध्ये अंगठा खुपसला आणि हसले. "चपलेला नुसता मऊ तळ घातला तर आठ दिवसांत टाच जमिनीला लागते, साहेब. आधी खाली घट्ट द्यायचं. मऊ वरून, बोटभर."

आपण ज्यांच्यावर बसतो त्या कमरेखालच्या हाडांना शरीरशास्त्रात आसनास्थी म्हणतात. इतकं भारदस्त नाव, आणि काम काय, तर आपण बसलो की बहुतेक भार दोन छोट्या उंचवट्यांवर झेलायचा. मऊ फोममध्ये हे दोन उंचवटे भाल्यासारखे घुसत जातात आणि मधला भाग माकडहाडाकडे दाब देतो. घट्ट थर त्यांना वरच अडवतो, मग थोडा भार मांड्याही घेतात. मऊ आणि आरामदायी या दोन शब्दांना मी जन्मभर एकच समजत आलो होतो. गादीवाल्याच्या दुकानात लोक गादी हाताने दाबून बघतात, हीच मुळात गंमत. हाताला काय कळतंय?

यंत्र बिघडलं की आम्ही आधी मोजतो. आता आठवण झाली. दुसऱ्या रविवारी मऊ थर काढून टाकला, जुन्या फोमवर कॅरमची पावडर भुरभुरली, काळी पँट घातली आणि गाडीवर बसतो तसाच, पाय फूटरेस्टच्या उंचीवर ठेवून, पाच मिनिटं बसलो. उठलो. मुलीला म्हटलं, मागे बघून सांग, पावडर कुठे जास्त लागलीय.

ती आधी हसायला लागली. "बाबा, डावीकडे गोल आहे. उजवीकडे चौकोन."

"चौकोन कसा असेल?"

"मग फोटो काढू?"

काढला. स्वच्छ, चार कोपऱ्यांचा, पांढरा चौकोन. उजव्या खिशातलं पाकीट.

पाकीट काढून वर्निअरने मोजलं: 28 मिलिमीटर. नोटा निघाल्या दोन. बाकी चार कार्डं, त्यातली दोन मुदत संपलेली. बंद पडलेल्या तीन लॅबची व्हिजिटिंग कार्डं. पेट्रोलच्या पावत्या, ज्यांची शाई उडून कोरे कागद उरले होते. आरसी बुकाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स, जुना रेल्वे पास, सिद्धिविनायकाचा फोटो, आणि मुलीचा बालवाडीतला फोटो, तिचं आता बारावीचं वर्ष आहे. सोळा वर्षं मी या सगळ्यावर एका बाजूने बसत होतो. उजव्या पायात मुंग्या यायच्या, त्याचा दोष मी ब्रेकला देत होतो, कारण ब्रेक उजव्या पायाने दाबतात. फॅक्टरीलाही दोष दिला. पाकिटाचा विचारच आला नाही. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला पाकीट टोचेल असं वाटत नाही.

पाकीट हत्यारांच्या बॅगेत गेलं. पायातल्या मुंग्या दहा-बारा दिवसांत गेल्या. खर्च शून्य. इथेच थांबलो असतो तर लेखही इथेच संपला असता, पण माकडहाडाची तक्रार पाकिटाची नव्हती, ती फोमचीच होती. आणि सीट उघडी पडलेली.

या वेळी रीबॉन्डेड फोम आणला. फोमच्या कारखान्यातल्या कातरणांचा चुरा चिकट द्रव्यात दाबून बनवतात तो. गुलाबी, हिरवे, पिवळे, निळे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले. गोधडी दाबून तिची वीट केली तर अशी दिसेल. वजनाला जड, अंगठा मुश्किलीने रुततो. एक इंच जाडीचा तुकडा 150 ला मिळाला. वरच्या थरासाठी अर्ध्या इंचाचा जरा मऊ, 90 ला.

खड्डा आहे तसा भरता येत नाही, कारण खड्ड्याच्या भिंतीही मेलेल्या असतात. निरोगी फोम लागेपर्यंत कापत जायचं, दाताचा डॉक्टर करतो तसं, आणि त्या चौकोनी कोनाड्यात नवा तुकडा ठोकळ्यासारखा बसवायचा. कापायला हॅक्सॉचं सुटं ब्लेड, एका टोकाला फडकं गुंडाळून. तेही अडलं तेव्हा पाव कापायची दातेरी सुरी. ती घेताना बायको बघत होती. "ती परत स्वयंपाकघरात येणार नाहीये," एवढंच म्हणाली.

कापल्यावर कडा घासायच्या. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, दाब न देता, एकाच दिशेने. हे काम मला मनापासून आवडलं. दुपारी तीनची वेळ, समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि हाताखाली हळूहळू उतरत जाणारा उतार. अर्धा मिलिमीटर जास्त राहिलेलं डोळ्याला दिसत नाही, तळहात फिरवला की कळतं. माझ्या धंद्यात सगळं स्क्रीनवर आकड्यात दिसतं. आकडा नसताना नुसत्या हातावर विश्वास ठेवून काम करायची वेळ कितीतरी वर्षांनी आली. रंगीत भुगा गॅलरीभर उडाला, तुळशीत गेला, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. तिथून काय निरोप आला तो सांगत नाही.

चिकटवण्याची एक गोम आहे. सोफेवाले जो रबरी वासाचा द्रव वापरतात, तो दोन्ही पृष्ठभागांना लावायचा आणि मग काहीही करायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला लागणार नाही, इतका सुकला की जोडायचं. ओला असताना जोडला तर घसरत राहतो. आणि एकदा जोडला की संपलं, पुन्हा हलवता येत नाही. खिडक्या उघड्या, गॅस बंद, कारण त्या वाफा पेट घेतात. पहिल्या थराला मी घाई केली, तो सुटून आला. दुसऱ्यांदा थांबलो, पण ठेवताना बोटभर वाकडा ठेवला गेला. ती कड अजून आहे. दुसऱ्या कुणाला जाणवणार नाही, मला लिंक रोडच्या प्रत्येक प्लेटवर जाणवते.

जुनं कव्हर चिरांनी भरलेलं होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून 250 ला नवं आणलं, पण तयार कव्हर कंपनीच्या मूळ सीटच्या मापाचं असतं आणि माझी सीट आता सेंटिमीटरभर उंच. कडा दुमडायला पुरेनात. पुन्हा चर्मकार काका. त्यांनी कडेने रेक्झिनची पट्टी जोडून दिली, दोऱ्याला मेण ओढून, आरीने, दुहेरी टाक्यात. साठ रुपये. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "टाके मोजून घेतो, माणूस बघून नाही."

रेक्झिन ओढायच्या आधी उन्हात तासभर ठेवायचं, म्हणजे ते सैलावतं. आधी नाकाकडे दोन पिना, मग शेपटाकडे दोन, मग डावी-उजवी आलटून पालटून. एकीकडून ठोकत गेलं तर सगळ्या सुरकुत्या शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतात. सोसायटीतल्या सुताराकडून पिना मारायची गन उसनी आणली होती. एका हाताने रेक्झिन ओढून दुसऱ्याने गन दाबणं मला जमेना. दाबायच्या क्षणी ओढ सुटायची.

बाबा किती वेळ दारात उभे होते कुणास ठाऊक. आले, समोर बसले आणि काही न बोलता रेक्झिनची कड दोन्ही अंगठ्यांनी धरून खाली ओढली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंगठे. पंच दाबून कमावलेले. एक सुरकुती राहिली नाही. "मार," म्हणाले. मी मारली. "पुढे." शेवटची पिन होईपर्यंत आम्ही या दोनच शब्दांवर काम केलं. पिना संपल्यावर त्यांनी जुन्या फोमचा त्यातल्या त्यात बरा तुकडा उचलला. "हा मला राहू दे. देवपूजेला गुडघ्याखाली." उभ्याने तेहतीस वर्षं काढलेला माणूस, मी काही बोललो नाही.

सोमवारी भांडुप ते अंधेरी, अंधेरी ते परळ, परत. पहिल्या दिवशी सीट कडक वाटली, इतकी की पुन्हा फसलो असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सीटची आठवणच झाली नाही. चांगल्या सीटचं बहुधा हेच असतं, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडत नाही. मी मात्र घरी, लॅबमध्ये, मेकॅनिककडे सगळीकडे सांगत सुटलो.

रविवारी बायकोला मागे बसवून ठाण्याला तिच्या बहिणीकडे गेलो. मुलुंड ओलांडेपर्यंत मी वाट बघितली, मग विचारलं, "कशी वाटते?"

"काय?"

"सीट."

"आधी होती तशीच." मग थोड्या वेळाने, "थांब. म्हणजे तू फक्त पुढचीच केलीस?"

तीन रविवार, दोन प्रकारचे फोम, कॅरमची पावडर, वर्निअर, आणि सीटचा मागचा अर्धा भाग माझ्या डोक्यातही आला नव्हता. ती गेली कित्येक वर्षं ब्रेक मारला की पुढे घसरते, मला टेकते आणि पुन्हा मागे सरकते. हे तिला आवडतं असा माझा समज होता. दोष माझ्या एकट्याचा नाही असं म्हणायला एक आधार सापडला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123. मागच्या स्वारासाठी धरायला कायमचा हँडल हवा, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी हवी. साडी गार्ड म्हणतात ती हीच. हात, पाय, पदर, तिघांचा विचार झालाय. बसायच्या जागेचा शब्द त्यात नाही. मी हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नियम करणाऱ्यांनाही बायकोने विचारलं नसेल."

चौथा रविवार मागच्या सीटचा. पिना पुन्हा अर्ध्यापर्यंत काढल्या, मागच्या भागाला असलेला पुढचा उतार उरलेल्या रीबॉन्डेडच्या पाचरीने सपाट केला. या वेळी पावडरवर बसायला ती तयार झाली, पण फोटो काढायला नाही. बाबांचे अंगठे पुन्हा कामाला आले.

मग हिशेब. तो बाबांनीच मांडला, पेपरच्या कडेला, पेन्सिलने. रीबॉन्डेड 150, वरचा थर 90, चिकटवायचा डबा 120, कव्हर 250, पट्टीची शिलाई 60, पिना 40. बेरीज होईपर्यंत माझा चेहरा ठीक होता. मग ते म्हणाले, "आणि तो पहिला? मऊ?" तो 180 चा. एकूण 890.

सीटवाल्याने 900 सांगितले होते.

"दहा रुपये वाचले," बाबा म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली. "सुट्टे."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला खरा पाऊस आला. गाडी रात्रभर खाली उघड्यावर होती. शिलाईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं आणि फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो, हे मला माहीत होतं, म्हणून कव्हरच्या खाली सबंध प्लास्टिकचा कागद घातला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. सकाळी उतरलो, फडक्याने सीट कोरडी केली. वर स्वच्छ, कडक, नवी. मग तळहाताने दाबली, मेकॅनिकने दाबली होती तशी.

डाव्या कोपऱ्यात, जिथे मागचा भाग करताना दुसऱ्यांदा पिना मारल्या होत्या, तिथून एक बुडबुडा आला आणि पाण्याची बारीक धार साइड पॅनेलवरून खाली उतरली. प्लास्टिकला कुठेतरी पिन लागली असणार.

साडेआठ वाजले होते. साडेनऊला परळला पोचायचं होतं, तिथे यंत्र बंद पडून बसलं होतं. वर जाऊन गादीवाल्याची मोठी पिशवी आणली, सीटवर चढवली, दोन्ही कडांना गाठ मारली आणि निघालो. कांजूरच्या सिग्नलला शेजारी सात-आठ गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांच्या सीटवर पिशव्या. एकावर मिठाईच्या दुकानाची होती, एकावर साड्यांच्या.